पावसाळ्यात लेन्स पुन्हा पुन्हा धूसर होते: दोष नेमका कुठे आहे ते कसे ओळखावे

तक्रार दर वर्षी एकच असते. आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, बेडूक टिपायला गेलेल्या माणसाला चौथ्या-पाचव्या छायाचित्रापासून सगळे दुधाळ दिसू लागते, तो काच पुसतो, दोन मिनिटे बरे दिसते आणि पुन्हा तेच. घरी आल्यावर लेन्स लख्ख असते, त्यामुळे दोष पावसाच्या माथी मारून विषय मिटतो आणि पुढच्या फेरीत तोच प्रकार घडतो. मी स्वतः तीन पावसाळे असेच घालवले. चार-पाच निरनिराळे दोष एकाच रूपाने समोर येतात आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर तो बळावतो, हे मला एक लेन्स गमावल्यावर उमगले. त्यात पावसाचा वाटा सर्वांत लहान होता. मोठा वाटा कॅमेऱ्याची बॅग, गाडीतला एसी आणि घरातले कपाट यांचा होता.

म्हणून पहिला नियम असा की काच पुसण्याआधी ती पाहावी. आडोशाला जाऊन टॉर्चचा झोत लेन्सच्या तोंडावर तिरका टाकावा आणि मायक्रोफायबरच्या कोरड्या कापडाचे टोक काचेच्या कडेवरून अलगद ओढावे. टोकामागे स्वच्छ रेघ उमटली तर वाफ बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. रेघ उमटली नाही तर वाफ एक तर फिल्टरच्या मागे आहे किंवा लेन्सच्या पोटात, आणि अशा वेळी बाहेरून कितीही पुसले तरी ओरखड्यांखेरीज पदरात काही पडत नाही. रेघ उमटते, पण ती स्वच्छ न होता तेलकट फासल्यासारखी दिसते, तर ती वाफ नाहीच. तो प्रकार पुढे घेतला आहे. आणि काच सर्व बाजूंनी स्वच्छ असूनही छायाचित्र धुरकट येत असेल, तर दोष लेन्समध्ये शोधणे सोडून द्यावे.

फिल्टरची शंका सर्वांत आधी फेडून घ्यावी, कारण तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. काचेच्या रक्षणासाठी लावलेला साधा फिल्टर आणि लेन्सची पहिली काच यांच्यामध्ये हवेचा एक पातळ थर अडकलेला असतो. फिल्टर दमट हवेत लावला असेल तर तो थरही दमटच असतो, आणि पावसाच्या थेंबांनी फिल्टर बाहेरून थंड झाला की त्या थरातले बाष्प आतल्या अंगाने काचेवर बसते. फिल्टर काढून दोन्ही काचा पुसल्या की काम झाले. मात्र तो पुन्हा लावायचा तर घरात, कोरड्या हवेत लावावा. काही लेन्सचे पाण्यापासूनचे संरक्षण पुढे फिल्टर असल्याशिवाय पुरे होत नाही, असे त्यांच्या माहितीपुस्तकातच लिहिलेले असते; आपली लेन्स त्यांपैकी असेल तर फिल्टर काढून भर पावसात उभे राहू नये.

घाट चढताना नव्हे, उतरताना

बाहेरच्या काचेवर बसणाऱ्या वाफेचे कारण शाळेत शिकलेलेच आहे: दवबिंदू. ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊन बसू लागते ते हे तापमान, आणि काच त्याहून थंड असली की तिच्यावर दव धरणारच. दवबिंदूचा ढोबळ हिशेब तोंडी करता येतो. सापेक्ष आर्द्रता १०० टक्क्यांपेक्षा जितकी कमी असेल त्या आकड्याला ५ ने भागावे आणि उत्तर हवेच्या तापमानातून वजा करावे. हा हिशेब ५० टक्क्यांवरच्या आर्द्रतेलाच लागू पडतो, पण पावसाळी कोकणात त्याखालची हवा भेटतेच कुठे?

आता हा हिशेब सावंतवाडी ते आंबोली या सुमारे ३० किलोमीटरांच्या वाटेवर लावून पाहावा. सावंतवाडी जवळजवळ किनारपट्टीच्या उंचीवर आहे, तर आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर. जुलैतल्या एका सकाळी माझ्या लहान तापमापकावर खाली २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता होती, वर २१ अंश. चढताना लेन्स खालची ऊब घेऊन वरच्या थंड हवेत जाते, म्हणजे ती हवेपेक्षा गरम असते आणि तिच्यावर काही धरत नाही. दिवसभर वर राहून ती २१ अंशांवर येते. संध्याकाळी खाली उतरून बॅग उघडली की खालच्या हवेचा दवबिंदू २५ अंश असतो आणि लेन्स त्याच्यापेक्षा ४ अंशांनी थंड असते. सावंतवाडीच्या मोती तलावाच्या कठड्यावर चहाचा पेला ठेवून मी अशीच बॅग उघडली होती, आणि डोळ्यांदेखत काचेच्या मधोमध एक पांढरा डाग उमटून कडांकडे पसरत गेला. दिवसभर धो-धो पावसात काही न झालेली लेन्स कोरड्या संध्याकाळी, पाऊस थांबल्यावर धूसर झाली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मला दोषाचा माग लागला.

एसीची गोष्ट हीच, आणि फरकही तेवढाच. मालवण किंवा देवगडला खोलीत २२ अंशांवर रात्रभर ठेवलेला कॅमेरा पहाटे २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत नेला, तर दवबिंदू २६ अंश येतो आणि पहिल्या प्रकाशाची पंधरा-वीस मिनिटे काच पुसण्यातच जातात. गाडीच्या पुढच्या आसनावर एसीच्या झोतात ठेवलेल्या कॅमेऱ्याचेही तेच होते.

यावरचा उपाय स्वस्त आहे, पण थंड जागेतून बाहेर पडण्याआधी करावा लागतो. कॅमेरा लेन्ससह घट्ट बंद होणाऱ्या जाड झिप पिशवीत घालावा, हवा दाबून काढावी, तोंड बंद करावे आणि मगच बाहेर यावे. दव आता काचेऐवजी पिशवीवर धरेल. आतील वस्तू बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. हे कधी होते ते घड्याळापेक्षा पिशवीच सांगते: तिचा बाहेरचा भाग कापडाने पुसावा, दोन-तीन मिनिटे थांबावे, आणि पुसलेल्या जागी पुन्हा वाफ धरली नाही तर उघडावी. लहान लेन्सला अर्धा तास पुरतो. पक्ष्यांसाठी वापरतात ती दोन किलोंची लांब लेन्स तासाभरानेही थंड लागते, कारण तिच्यात काच आणि धातू भरपूर असतो. गाडीत बॅग डिकीत ठेवावी, म्हणजे एसीचा झोत तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि मुक्कामाच्या पंधरा-वीस मिनिटे आधी एसी बंद करून काचा खाली कराव्यात. सोबतचे लोक कुरकुरतात. त्यांना आधी सांगून ठेवावे.

मायेने केलेली चूक

पाऊस वाढला की कॅमेरा रेनकोटच्या आत छातीशी धरणे ही मायेपोटी होणारी आणि हमखास अंगाशी येणारी चूक आहे. रेनकोटच्या आतली हवा शरीराच्या उष्णतेने तिशीपार गेलेली असते, घामाने भिजलेली असते आणि बाहेर पडायला तिला वाट नसते. २१ अंशांची काच त्या हवेत नेणे म्हणजे उकळत्या भांड्यावर थंड झाकण ठेवण्यासारखेच आहे. चेहरा कॅमेऱ्याला टेकवून टोपीच्या आत श्वास सोडला की नेत्रकाचही, म्हणजे आपण डोळा लावतो ती मागची काच, धूसर होते. पुष्कळांना तिच्यामुळेच सारी लेन्स खराब झाल्यासारखी वाटते, आणि मागच्या पडद्यावर पाहिले तर छायाचित्र स्वच्छ असते.

त्यापेक्षा मोठी छत्री चांगली. आपल्याकडे लावणी करणाऱ्या बायका डोक्यावर घेतात ते इरले पाहावे: पाठ आणि डोके झाकलेले, पुढची बाजू हातांसाठी मोकळी, आणि वारा खेळता. कॅमेऱ्याला नेमके तेच हवे असते, वरून आडोसा आणि भोवती मोकळी हवा. कॅमेऱ्याचा पावसाळी अंगरखाही तळाशी सैल ठेवावा. पाणी अडवणारे रबरी सील थेंब अडवतात, बाष्प नाही, हे एकदा मनात पक्के केले की अंगरखा आवळून बांधण्याचा मोह होत नाही.

वाफ लेन्सच्या पोटात असेल तर

लांबी बदलणाऱ्या झूम लेन्सचा पुढचा भाग बाहेर सरकला की ती हवा आत ओढते, मागे सरकला की बाहेर टाकते. सायकलच्या पंपाचीच क्रिया ती. आंबोलीच्या ढगात उभे राहून तासभर झूम फिरवत राहिलो तर आपण त्या ढगाची हवा लेन्समध्ये भरत असतो. झूम करूनही लांबी न बदलणाऱ्या लेन्सना हा त्रास पुष्कळ कमी होतो, आणि नवी लेन्स घेताना पावसाळा डोळ्यांसमोर असेल तर मी वजन वाढले तरी तीच घेईन.

पोटात वाफ दिसली की कॅमेरा बंद करावा, बॅटरी काढावी, झूम आखूड करून तिथेच सोडावी आणि पुन्हा फिरवू नये. बाहेरचे पाणी टिपून घ्यावे. मग लेन्स कॅमेऱ्यावरून कोरड्या खोलीतच काढावी आणि दोन्ही टोकांची झाकणे न लावता, रबरी कडेच्या हवाबंद डब्यात भरपूर कोरड्या सिलिका जेलसोबत २४ ते ४८ तास ठेवावी. केस वाळवण्याच्या यंत्राचा गरम झोत अजिबात मारू नये. त्याने पाणी एका काचेवरून उडते आणि आतल्या थंड काचेवर जाऊन बसते, शिवाय सरकत्या भागांतले वंगण पातळ होऊन छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पात्यांवर पसरण्याची भीती असते. तांदळाच्या डब्यात पुरण्याचा सल्लाही ऐकू नये. तांदूळ बाष्प शोषण्यात सिलिका जेलच्या पासंगालाही पुरत नाही, आणि त्याची पिठी लेन्सच्या फटींत शिरते ती वेगळीच.

वाफ नसून मीठ असते तेव्हा

आता तेलकट रेघेचा प्रकार. मे महिन्यात किनाऱ्यावर लाटांच्या तुषारांजवळ काम झाले असेल तर काचेवर मिठाचा अतिशय पातळ थर राहतो. उन्हाळ्यात तो कोरडा असतो आणि दिसत नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की खाण्याचे मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळू लागते. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आषाढात ओली होते ती याच कारणाने. लेन्सवरचे मीठही तेच करते. म्हणून मालवणला मे महिन्यात वापरलेली लेन्स जुलैत आंबोलीला धूसर होते, काच गरम केली तरी धूसरच राहते, आणि माणूस दवाचे सगळे उपाय करून थकतो.

येथे कोरडे पुसणे घातक आहे, कारण किनाऱ्यावरच्या मिठाबरोबर वाळूचे कण असतातच आणि वाळू काचेपेक्षा कठीण असते. आधी रबरी फुंकणीने कण उडवावेत. नंतर कापडाचे टोक ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित ओले करून, न दाबता, एकाच दिशेने फिरवावे, दर वेळी कापडाची नवी घडी वापरावी, आणि मीठ गेल्यावरच लेन्सचे द्रव लावावे. मीठ पाण्यात विरघळते. लेन्ससाठी मिळणाऱ्या अल्कोहोलयुक्त द्रवात ते तितके सहज विरघळत नाही, त्यामुळे नुसत्या द्रवाने पुसल्यास ते काचेभर फासले जाते. ट्रायपॉडचे सांधे आणि फ्लॅश बसवायची धातूची खाच हीदेखील ओल्या कापडाने पुसावी.

एक कबुली देणे भाग आहे. माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी असे. तिला पाणी सुटून ते अस्तरातून आत झिरपले, आणि लेन्सच्या मागच्या झाकणावर पांढरी किनार का धरते हे शोधण्यात मी एक महिना घालवला. मीठ आता पँटच्या खिशात असते.

काच स्वच्छ, छायाचित्र धुरकट

रात्रीच्या कामात हे हमखास होते. साचलेल्या पाण्यावर झुकलेल्या पानाखाली मलबारी उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे लटकलेले असते, भोवती बारीक धुके असते, आणि लेन्सला लागून असलेला फ्लॅश त्या धुक्याचा प्रत्येक थेंब उजळून टाकतो. छायाचित्रात पांढरी वर्तुळे आणि राखाडी पडदा दिसतो. काचेवरचा थेंब लागोपाठच्या छायाचित्रांत त्याच जागी राहतो, हवेतले थेंब दर वेळी जागा बदलतात. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की उत्तर मिळते. फ्लॅश हातात घेऊन बाजूला, शक्यतो लेन्स ते विषय या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा दूर धरावा, कपाळावरचा दिवा छायाचित्राच्या क्षणी मालवावा, आणि स्वतःचा श्वास रोखावा, कारण थंड रात्री आपल्याच उच्छ्वासाचा ढग लेन्ससमोर तरंगत असतो.

यावर उपाय म्हणून प्राणी उचलून कोरड्या जागी ठेवण्याचा प्रकार मी पाहिला आहे, आणि तो चुकीचा आहे. आंबोलीचा भेक, ज्याची स्वतंत्र जाती म्हणून नोंद २००९ साली झाली, याच परिसरातल्या सड्यांवर आढळतो आणि पहिल्या पावसाच्या उथळ डबक्यांत वीण घालतो. धुके असेल तर छायाचित्र धुक्यासह घ्यावे.

चार महिने घरी काय होते

सहलीत लेन्स धूसर होणे हा तासाभराचा त्रास आहे. घरातल्या कपाटात लेन्सला बुरशी धरणे हे कायमचे नुकसान आहे. माझी गेलेली लेन्स पावसात भिजलीच नव्हती. ती चामड्याच्या पेटीत, कपड्यांच्या कपाटात, जून ते सप्टेंबर न उघडता पडून होती. दसऱ्याला बाहेर काढली तेव्हा टॉर्चच्या उजेडात आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले. दुरुस्ती करणाऱ्याने तंतू साफ केले, पण त्यांच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला गेला होता आणि त्या नक्षीसारख्या खुणा तशाच राहिल्या.

लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेत राहावी. ७० टक्क्यांवर दिवसेंदिवस राहिली, अंधार आणि बंद हवा मिळाली, की बुरशीला आणखी काही लागत नाही. त्यामुळे पहिली खरेदी आर्द्रतामापकाची, आणि तो खरे बोलतो की नाही ते पाहण्यासाठी पुन्हा मीठच कामाला येते. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे, बूच आणि मापक एका झिप पिशवीत एकमेकांना न टेकता ठेवून पिशवी बंद करावी, आणि आठ-दहा तासांनी आकडा पाहावा. तो ७५ च्या जवळ यायला हवा. माझ्या एका मापकाने ६८ दाखवले. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक आकड्यात मी ७ मिळवतो.

साठवणीसाठी विजेवर चालणारे कोरडे कपाट उत्तम, पण कोकणात पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, तेव्हा रबरी कडेचा मोठा डबा आणि अर्धा किलो सिलिका जेल हेही हाताशी असावे. सूचक दाणे रंग बदलतात, निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवे, तेव्हा ते सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचे क्षार असतात, म्हणून ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवू नयेत. डबा दिवसातून दहादा उघडला तर त्याचा उपयोग नाही.

जुन्या लोकांची कपाटात लहान दिवा लावण्याची युक्ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २७ अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत गरम केली की तिच्यातले पाणी तेवढेच राहूनही आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास उतरते. ते पुरेसे नाही, पण काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरे. दिवा कापड आणि प्लॅस्टिकपासून दूर असावा, एवढी खबरदारी मात्र घ्यावी.

कॅमेऱ्याची बॅग साठवणीसाठी वापरू नये. तिच्यातला फोम पावसाचे पाणी आठवडाभर धरून ठेवतो आणि वरून कोरडा लागतो. सहलीवरून आल्यावर सामान बाहेर काढावे, कप्पे सुटे करून पंख्याखाली टाकावेत. दर पंधरा दिवसांनी लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून, मागून टॉर्च तिरका धरून आत पाहावे, आणि उघडीप मिळाली तर लेन्स तासभर वापरावी.

एवढे सगळे करूनही एखादी लेन्स ४८ तास कोरड्या डब्यात राहून तशीच धूसर असेल, तर ती वाफ नाही. तंतू किंवा फांद्या दिसल्या तर बुरशी समजावी. काठाकडून आत सरकणारा, अंड्याच्या कवचासारखा किंवा इंद्रधनुषी डाग दिसला तर दोन काचा जोडणारा डिंक सुटू लागला आहे, ज्याला आर्द्रतेचे कोणतेही उपाय लागू पडत नाहीत. दोन्ही प्रकारांत लेन्स स्वतः उघडू नये. काचांमधले अंतर मिलिमीटरच्या अंशाने बदलले तरी ती पुन्हा स्पष्ट चित्र देत नाही. दुरुस्तीला देण्याआधी पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र छिद्र लहान करून, एफ १६ वर, घ्यावे आणि सोबत द्यावे, म्हणजे डाग कुठे आहे यावरून वाद होत नाही.